अप्पांच्या टरबुजालाही तीच माशी लागते

आधी आलेलं पत्र, थोडं आखडून:

"ताई, नमस्कार. साक्री तालुक्यात आमची चार एकर जमीन आहे. यंदा दोन एकरांत कांद्याचे डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी फुलवायचा कांदा, लावले. गोंडे फुलायला लागले तशा एका पेटीवाल्या दादांकडून मधमाश्यांच्या सहा पेट्या भाड्याने आणून बांधावर ठेवल्या. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास शेजारी चुलत सासऱ्यांनी, अप्पांनी, टरबुजावर औषध मारलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर पेट्यांच्या दारात माश्यांचा ढीग. झाडून गोळा केल्या तर सुपडं भरलं. अप्पांच्या बांधावर थायामेथोक्झाम या कीटकनाशकाची रिकामी पुडी सापडली, ती मालकांनी जपून ठेवली आहे. आम्ही तर तीन दिवस आधी फक्त करप्याचं बुरशीनाशक मारलं होतं, प्रोपिकोनाझोल. त्यात दुकानदाराने फुलकिड्यांसाठी लॅम्डा हे कीटकनाशक मिसळायला दिलं होतं तेवढंच. पेटीवाले दादा संध्याकाळी आले, पेट्या उचलल्या आणि गेले. भाडं घेतलं नाही, बोललेही नाहीत. मालक म्हणतात अप्पांवर तक्रार करू. बांधावरून दोन वर्षं बोलणं बंदच आहे. माझ्या डोंगळ्यांत बी भरेल का? आणि मेलेल्या माश्यांचं काय करू, कोंबड्या टोचायला लागल्यात. बोरीवर बारक्या माश्यांचं एक पोळं आहे, त्या मात्र अजून दिसतात. आता तूच सांग."

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सुपडं भरलं हे वाचून जेवढं वाईट वाटलं, त्याहून जास्त त्या दादांच्या न बोलण्याचं वाटलं. त्यांच्याकडे शेवटी येते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सूर्यफुलाच्या एका शेतात मी असाच ढीग पाहिला होता. पेटीसमोर उकिडवी बसून एक माशी तळहातावर घेतली. ती मेलेली नव्हती. पाठीवर पडून गोल गोल फिरत होती, पाय थरथरत होते. जीभ बाहेर आली होती, केसाएवढी बारीक आणि तपकिरी. मागच्या पायावर परागाची पिवळी गोळी तशीच चिकटलेली. काम पुरं करून ती घरापर्यंत आली होती आणि दारात कोसळली होती. विषबाधा ओळखायची खूण हीच. भुकेने मेलेल्या माश्या पोळ्याच्या घरांत डोकं खुपसून मरतात, विषाने मेलेल्या अशा दारात, जीभ काढून. आणि दारातला ढीग म्हणजे सगळा हिशोब नव्हे. ज्या वाटेतच पडल्या त्या कुणाच्या सुपड्यात येत नाहीत.

ज्या मेल्या त्या बहुतेक बाहेर फिरणाऱ्या, वयाने मोठ्या माश्या. कामकरी माशी हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते. पहिले तीनेक आठवडे ती पेटीच्या आतच असते: घरं साफ करते, अळ्यांना भरवते, मेण घालते, दारावर पहारा देते. मग मकरंद-पराग आणायला बाहेर पडते. राणी जिवंत असली तरी आज घातलेल्या अंड्यातून माशी निघायला २१ दिवस आणि तिने शेतात यायला आणखी दोन-तीन आठवडे. तोवर तुझ्या डोंगळ्यांचा फुलोरा उरकलेला असेल. म्हणून फुलोऱ्यातली एक फवारणी कांदा बियाण्याला इतकी महाग पडते.

आता त्या पुडीकडे बघ. मालकांनी जपून ठेवली हे बरं केलं, पण तिच्यावरचा त्रिकोण पाहिलास का? निळा असेल. आपल्याकडे औषधाच्या पुडीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण असतात आणि लालाकडून हिरव्याकडे जावं तसं विष कमी, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की हा हिशोब माणसासाठी लावलेला आहे. उंदरांना खाऊ घालून केलेल्या चाचणीवरून तो रंग ठरतो. माशीसाठी किती घातक हे तो रंग सांगत नाही. थायामेथोक्झाम माणसाच्या मानाने मध्यम विषारी, म्हणून निळा. पण मधमाशीच्या पोटात त्याचे पाचेक नॅनोग्रॅम गेले की निम्म्या माश्या मरतात. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. पुडीत २५ टक्के औषध असतं असं धरलं, तर तिच्यातल्या एका ग्रॅम भुकटीत पाच कोटी माश्यांना पुरेल एवढी ही मात्रा आहे. अप्पांनी निळा त्रिकोण पाहून 'साधंच औषध आहे' असं म्हटलं असेल, तर त्यांचं खोटं नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

याच घराण्यातली तीन औषधं, इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम, यांना उघड्या शेतात वापरायला युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली ती माश्यांपायीच. माशी जागेवर मरत नाही तेव्हाही ही औषधं तिला सोडत नाहीत. फ्रान्समध्ये माश्यांच्या पाठीवर इवलेसे टॅग चिकटवून पाहिलं होतं, २०१२ साली तो अभ्यास छापून आला. थायामेथोक्झामची जीव न घेणारी मात्रा दिलेल्या कितीतरी माश्या पेटीकडे परतल्याच नाहीत. वाट चुकल्या. आपल्याकडे लोक म्हणतात, 'ताई, माश्या उडून गेल्या, पेटी हलकी झाली.' त्यातल्या काही अशाच गेलेल्या असतात. शिवाय ही औषधं झाडाच्या रसात भिनतात. टरबुजाला ठिबकमधून इमिडाक्लोप्रिड सोडलं आणि पानावर थेंबही पडू दिला नाही, तरी पुढे उमलणाऱ्या फुलाच्या मकरंदात त्याचा अंश उतरू शकतो. 'आम्ही तर फवारलंच नाही, ड्रिपने दिलं' हे मी खूप ऐकलं आहे.

इथवर तुला माझं म्हणणं पटत असेल. पुढचं कडू लागेल, पण तू विचारलंस म्हणून मोकळेपणाने सांगते.

तुझ्या पत्रात एक ओळ आहे: "फक्त करप्याचं बुरशीनाशक, त्यात लॅम्डा, तेवढंच." पोरी, ते 'तेवढंच' नव्हतं. लॅम्डा सायहॅलोथ्रिन माशीला स्वतःच फार विषारी आहे आणि फवारल्यावर दिवस उलटला तरी त्याचा अंमल राहतो. त्यात प्रोपिकोनाझोल मिसळलं की आणखी बिघडतं. माशीच्या शरीरात विष पचवून बाहेर टाकणारी एक यंत्रणा असते, तीच हे बुरशीनाशक अडवून धरतं. मग त्याच लॅम्डाचा मार कित्येक पटींनी वाढतो. एकटं बुरशीनाशक माशीला फारसं काही करणार नाही, पण जोडीला लॅम्डा आलं की हिशोब बदलतो. दुकानदार टाकीत दोन-तीन औषधं एकत्र करायला देतो, मजुरी वाचते म्हणून आपणही घेतो. पेट्या बांधावर असताना, गोंडे फुललेले असताना तुम्ही ती फवारणी केलीत. ढीग अप्पांच्या फवारणीनंतर दिसला हे खरं, मोठा घाव तिकडचाच असेल. पण तीन दिवस आधी तुमच्याच शेतात ज्या माश्यांना लागलं होतं त्या आधीच अशक्त होत्या, हेही तितकंच खरं. अप्पांच्या दारी जायच्या आधी हे घरात मालकांशी बोल. वड्याचं तेल वांग्यावर निघायला नको.

तक्रारीचं विचारलंस. करता येते. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा, पंचनामा मागायचा. पण पुरावा म्हणून माश्या ताज्या लागतात: मेल्या त्याच दिवशी मूठ-दोन मूठ उचलून कागदी पिशवीत घालून थेट फ्रीजरमध्ये ठेवाव्या लागतात, तर प्रयोगशाळेत औषधाचा अंश सापडतो. उन्हात आठवडाभर पडलेल्या माश्यांतून काही सिद्ध होणार नाही. आणि तपासणी खरोखर झाली, तर त्या माश्यांत अप्पांचं थायामेथोक्झाम निघेल तसं तुमचं लॅम्डाही निघेल. माझं मत विचारशील तर आज तक्रार करू नको. कुणी सांगूनसवरून, माहीत असून पुन्हा पुन्हा असं करत असेल, तर मात्र मागे हटू नये. अप्पांना तर अजून कुणी काही सांगितलेलंच नाही, कारण बांधावरून तुमचं बोलणं बंद आहे.

आणि बोलायला तुझ्याकडे चांगला विषय आहे, भांडणाचा नव्हे. टरबुजाच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाखाली हिरव्या वाटाण्यापेक्षा थोडं मोठं लवदार फळ आधीपासून दिसतं. ते फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं, पुन्हा उघडत नाही. तेवढ्या तासांत माशी निदान आठेक वेळा त्या फुलावर यावी लागते, तेव्हा पुरेसे परागकण पडतात आणि फळ चहूबाजूंनी सारखं भरतं. कमी पडले तर एक तर ते बारकं फळ पिवळं पडून गळतं, नाहीतर एका अंगाने फुगून दुसऱ्या अंगाने दबलेलं, कुबडं होतं. व्यापारी असा माल बाजूला काढतो हे अप्पांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांनी सकाळी नऊला औषध मारलं, म्हणजे नेमकं त्यांची मादी फुलं उघडी असताना, ज्या माश्यांनी त्यांची फळं भरायची त्यांच्यावरच. केळीचा बागायतदार असता तर मी हे बोलले नसते, केळीला फळ धरायला माशी लागत नाही. टरबुजाला लागते. तुझ्या सहा पेट्यांतल्या माश्या अप्पांच्या वेलांवर फुकट राबत होत्या.

मालकांना मान आड येत असेल तर तू जा. चुलत सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचा संकोच असेल तर चुलत सासूबाईंना धर, बायकांचं बोलणं बांधावरून अडत नाही. पुडी नेऊ नको. ती पुढे केलीस की बोलणं तिथेच संपेल. पहिलं वाक्य आपल्या चुकीचं असू दे: "अप्पा, आम्हीही तीन दिवस आधी भलतंच मिसळून मारलं, आम्हाला माहीत नव्हतं." मग त्यांच्या वेलाकडे चल, कुबडी फळं एकत्र बघा. त्या जागेवर उभं राहून बोललेलं त्यांच्या लवकर ध्यानात येईल.

त्यांच्याकडे मागायचं काय? औषध बंद करा असं मागू नको. पांढरी माशी, फुलकिडे आले की वेल जातो, त्यांचं वर्षाचं उत्पन्न त्यावर आहे. वेळ माग. सूर्य बुडाल्यावर फवारा म्हणावं. माश्या तेव्हा पेटीत परतलेल्या असतात, उघडलेलं फूल मिटलेलं असतं आणि रात्रभरात थेंब सुकतो. स्पिनोसॅडसारखं औषध ओलं असताना माशीला घातक, पण सुकल्यावर काही तासांत त्याची धार बरीच उतरते, म्हणून त्याला संध्याकाळ फार उपयोगी. थायामेथोक्झामचं तसं नाही, ते दिवसचे दिवस टिकतं. ते फुलं लागायच्या आधी काय ते वापरावं, फुलोऱ्यात नको. अप्पा लागवडीनंतर क्रॉप कव्हर टाकत असतील तर फुलं दिसेपर्यंत ते ठेवावं, त्याने सुरुवातीचे किडे आपोआप बाहेर राहतात, मग माश्यांसाठी काढावं. फळमाशीला क्यू-ल्युअर या गंधाचे सापळे लावावेत. आणि औषधात गूळ कालवायची सवय असेल तर ती सोडायला सांग. कीड गुळाला येते म्हणून घालतात, पण त्या गोडीला मधमाशीही येते.

तुमच्या डोंगळ्यांनाही हाच नियम. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडा फुटायच्या आधी करायचा. फुलोऱ्यात निळे चिकट सापळे आणि संध्याकाळी पाच टक्के निंबोळी अर्क, एवढ्यावर भागवायचा प्रयत्न करा. करप्यासाठी मारावंच लागलं तर बुरशीनाशक एकटं मारा, संध्याकाळी. पंप धुतलेलं पाणी पाटात किंवा डबक्यात ओतू नका. या दिवसांत आपल्याकडे ऊन तापायला लागतं, माश्या पेटी थंड ठेवायला सारखं पाणी वाहतात आणि जिथे ओल दिसेल तिथे बसतात, ठिबकच्या गळक्या जोडावरसुद्धा. एक पसरट घमेलं, त्यात खडे आणि खड्यांच्या वरपर्यंत न येईल इतकं पाणी, रोज बदललेलं, पेट्यांपासून थोडं लांब सावलीत ठेवलं की त्या दुसरीकडे भटकत नाहीत.

एक गोष्ट लोक सुचवतील ती डोळे झाकून करू नको: फवारणीच्या दिवशी पेट्यांची दारं बंद करून ठेवणं. फेब्रुवारी-मार्चच्या खानदेशी उन्हात बंद पेटीत माश्या कोंडून मरतात, मेण मऊ होऊन पोळं खाली येतं. अगदीच वेळ आली तर उजाडायच्या आत दाराला बारीक जाळी लावायची, पेटी सावलीत, वर ओलं गोणपाट, आणि तेही थोड्या वेळापुरतं. त्यापेक्षा पेट्या रातोरात तीनेक किलोमीटर लांब हलवणं बरं.

आता तुझा पहिला प्रश्न, बी भरेल का. कांद्याचं फूल असं असतं की त्याचे पुंकेसर आधी पराग सोडून मोकळे होतात आणि स्त्रीकेसर त्यानंतर तयार होतो. म्हणून त्याच फुलाचा पराग त्याच फुलाला सहसा उपयोगी पडत नाही, दुसरीकडून आणावाच लागतो. पण एका गोंड्यात शेकडो फुलं असतात आणि ती सगळी एकदम उमलत नाहीत, गोंडा आठवडा-दोन आठवडे फुलत राहतो. म्हणजे तुझा सगळा फुलोरा वाया गेलेला नाही. लगेच पेट्या मिळाल्या नाहीत तर सकाळी दव उडाल्यावर, नऊ ते अकराच्या सुमारास, हातात मऊ सुती कापड घेऊन गोंड्यांवरून हलकेच हात फिरवत चल, या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, एक दिवसाआड. माशीइतकं काम होत नाही, मजुरी लागते, पण हात बांधून बसण्यापेक्षा बी नक्कीच जास्त धरेल. गुळाचं नुसतं पाणी गोंड्यांवर मारा असंही कुणी सांगेल. माशी येते खरी, पण ओघळलेलं गोड पाणी चाटून निघून जाते. एक लक्षात ठेव, कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फार आवडत नाही. जवळ दुसरं चांगलं फूल असेल तर ती तिकडे वळते. म्हणून पुढच्या वेळी पेट्या सगळे गोंडे मिटलेले असताना आणू नको, थोडे फुलल्यावर आण, म्हणजे त्या आधी दुसरीकडची वाट धरत नाहीत. या वेळी तू तसंच केलं होतंस, ते बरोबर होतं.

राहिले पेटीवाले दादा. त्यांचं नुकसान तुमच्या दोघांच्या शेतातून झालं आणि ते भाडंही न घेता गेले. त्यांना फोन कर. तुमच्या फवारणीचं सांग, काही लपवू नको. ठरलेलं भाडं पोचतं कर आणि वर माश्यांच्या नुकसानीपोटी जमेल तेवढं दे. अप्पांशी बोलणं झालं तर त्यांनाही वाटा उचलायला सांगता येईल, पण अप्पा देतील तेव्हा देऊ असं करू नको. पेट्या आता औषधापासून लांब असतील तर दादांना जे करायचं ते ठाऊकच असणार: साखरपाणी, विषारी पराग भरलेल्या फ्रेमी काढून टाकणं, कमजोर पेट्या एकत्र करणं. पुढच्या वर्षी त्यांना बोलवायचं असेल तर वहीच्या पानावर चार ओळी लिहून तिघांनी सही करा: पेट्या कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, फवारायच्या आदल्या दिवशी कोण कुणाला फोन करेल, संध्याकाळीच मारायचं. स्टॅम्प पेपर नको. धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन कुठलं औषध फुलोऱ्यात चालेल हे विचारून या, अप्पांना बरोबर घेऊनच जा.

कोंबड्यांना त्या माश्या खाऊ देऊ नको, आजच आवर. विहिरीपासून आणि पाटापासून लांब हातभर खोल खड्डा कर, माश्या त्यात टाक, वर माती नीट दाब. झाडू आणि सुपडं धुऊन घे, हातही.

आणि बोरीवरच्या त्या पोळ्याचं लिहिलंस ते वाचून मला बरं वाटलं. बारक्या म्हणतेस त्या फुलोरी माश्या. त्या फार लांब जात नाहीत आणि कांद्याच्या गोंड्यावर चांगलं काम करतात. आत्ता तुझ्या दोन एकरांसाठी राबणाऱ्या तेवढ्याच उरल्या आहेत. पोरं मधासाठी दगड मारतील, मालक बोरीची छाटणी काढतील. गोंडे वाळेपर्यंत त्या फांदीला कुणाला हात लावू देऊ नकोस.

तुझी,
ताई